काळ्या शीतला पुरावा: आतडं नेमकं कधी बंद झालं?

गेल्या आठवड्यात सेनगावच्या एका मुलीचा फोन आला. एम.एस्सी. झालंय, सेट निघालीय, आता पेटच्या मुलाखतीची तयारी चालू आहे. म्हणाली, "ताई, सगळेच सांगतात रिसर्च गॅप शोधा. पण तो दिसतो कसा हो? पेपर वाचायला बसलं की वाटतं, लोकांनी सगळं करूनच ठेवलंय."

फोनवर मी तिला तुटक तुटक एक गोष्ट सांगितली. तीच आज इथे नीट लिहून काढतेय. विषय माझ्या कामाच्या शेजारचा आहे. मी कोंबडीच्या भ्रूणाचं आतडं कसं घडतं यावर काम करते. ही गोष्ट मात्र माणसाच्या बाळाची आहे: जन्मतःच लहान आतडं मध्येच बंद असलेल्या बाळाची. वैद्यकात याला अट्रेझिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा आहे, 'भोक नसणं'.

हा विषय माझ्यापर्यंत पुस्तकातून आला नाही. तो घरातून आला.

माझ्या मावशीचं पहिलं बाळंतपण मी जन्मायच्या तीन-चार वर्षं आधी झालं. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, परभणीतला तालुका होता. जिल्हा झाला १ मे १९९९ ला. बाळ घरीच झालं. रडलं, अंगावर प्यायलं. रीतीप्रमाणे मध चाटवला. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, "लेकरू हिरवं ओकायलंय, दूध पचंना त्याला." पोट फुगत गेलं. बाळाची पहिली काळी शी झालीच नाही, नुसता पांढुरका चिकट गोळा पडला. तिसऱ्या दिवशी जीप करून दवाखान्यात नेलं, तिथून पुढे मोठ्या गावाला न्यायला सांगितलं. चौथ्या दिवशी पहाटे ते गेलं.

घरात निदान झालं ते असं: मावशीने गिराण पाळलं नाही. ग्रहणाच्या वेळी तिने विळीवर भाजी चिरली, म्हणून लेकराच्या आतड्याला काहीतरी झालं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. मावशी त्यावर कधी काही बोलायची नाही.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भ्रूणशास्त्राच्या तासाला आतड्याची वाढ शिकताना मला हे सगळं आठवलं. एक गोष्ट आधीच सांगते: वीस-पंचवीस वर्षांनंतर ऐकीव माहितीवरून निदान करता येत नाही. हिरवी उलटी आतड्याला पीळ पडल्यानेही होते, इतर कारणांनीही होते. त्यामुळे मावशीच्या बाळाला अट्रेझियाच होता असं मी म्हणणार नाही. पण गोष्टीत एक बघण्यासारखं आहे. घरच्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता: हे कशाने झालं, आणि कधी झालं? शास्त्रज्ञांना याच प्रश्नाचं नीट उत्तर मिळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. आणि ते उत्तर मिळेपर्यंत शस्त्रक्रिया करूनही बाळं मरत होती.

विएन्नातलं उत्तर

आतडं बंद असलेल्या बाळांच्या नोंदी जुन्या आहेत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या अट्रेझियाची पहिली नोंद १६८४ मधली, गोलर याची मानली जाते. जठराला लागून असलेल्या पहिल्या भागाची, म्हणजे ड्युओडेनमची नोंद १७३३ मध्ये जेम्स काल्डर याने केली. या सगळ्या नोंदी मरणोत्तर. पोट उघडून बघितलं, आतडं बंद होतं, लिहून ठेवलं.

इथे कुणीतरी हमखास सुश्रुताचं नाव काढतं, म्हणून तेही बोलून घेऊ. सुश्रुतसंहितेत आतडं अडलेल्या पोटाचं, बद्धगुदोदराचं वर्णन आहे. पोट चिरून आतडं बाहेर काढायचं, अडथळा दूर करायचा, छिद्र असेल तर काळ्या मुंग्यांकडून चावे घेववून ते सांधायचं, असा विधी त्यात दिलेला आहे. वाचताना थक्क व्हायला होतं. पण ते जन्मजात दोषाबद्दल नाही, नवजात बाळाबद्दल तर नाहीच. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. मुलाखतीत तर मुळीच नको.

कारणाकडे येऊ. १९०० साली विएन्नात जुलियस टांडलर हा शरीररचनेचा अभ्यासक मानवी भ्रूणाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. त्याला दिसलं की दुसऱ्या महिन्याच्या आसपास ड्युओडेनमच्या आतलं अस्तर इतकं वाढतं की पोकळी जवळजवळ बुजून जाते. नळी काही काळ भरीव होते. मग त्या भरीव भागात पोकळ्या पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि नळी पुन्हा खुली होते. टांडलरचं म्हणणं असं की ही पुन्हा खुली होण्याची पायरी चुकली, तर आतडं तिथे बंदच राहतं.

किती सुंदर उत्तर आहे बघा. निरीक्षण खरं, तर्क सरळ. त्यामुळे ते पाठ्यपुस्तकात गेलं, आणि ड्युओडेनमपुरतं न राहता अख्ख्या लहान आतड्याला लावलं गेलं. दुसरं मत मांडणारे होते. इंग्लंडमध्ये १९१२ साली स्प्रिग्ज याने लिहिलं होतं की गर्भातच रक्तवाहिनी बंद पडण्यासारख्या अपघाताने असं होऊ शकतं. ते मत बाजूला पडलं. चांगलं उत्तर हातात असलं की दुसऱ्या उत्तराकडे कुणी फारसं बघत नाही. ही सवय आपल्या प्रयोगशाळांतही आहे.

कारण काहीही असो, सर्जन प्रयत्न करत होतेच. १९११ मध्ये रॉटरडॅमला फॉकेन्स याने लहान आतड्याचा अट्रेझिया असलेल्या बाळाची आतड्याची दोन टोकं जोडली आणि ते बाळ जगलं. हे पहिलं यश. पुढची चाळीस वर्षं मात्र अशी यशं मोजकीच राहिली. शतकाच्या मध्यापर्यंत, चांगल्या रुग्णालयांतही, दहातली नऊ बाळं दगावत होती. शिवण उसवत नव्हती, रस्ताही खुला असायचा, तरी अन्न पुढे सरकत नव्हतं. याचं कारण कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

फारबरची कसोटी

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग.

१९३३ साली बोस्टनमध्ये सिडनी फारबर या पॅथॉलॉजिस्टने निदानासाठी एक हुशार कसोटी सुचवली. हाच फारबर पुढे बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध देणारा म्हणून जगभर माहीत झाला. त्याची कल्पना अशी. बाळ गर्भात असताना सभोवतालचं पाणी गिळत असतं. त्या पाण्यात बाळाच्या त्वचेच्या गळालेल्या पेशी आणि अंगावरची बारीक लव असते. हे सगळं गिळलं जाऊन आतड्यातून खाली सरकतं आणि पित्ताबरोबर मिसळून ती पहिली काळी शी बनते. मग आतडं मध्येच पूर्ण बंद असेल तर खालच्या शीत त्वचेच्या पेशी सापडायलाच नकोत! म्हणजे शीच्या गोळ्याचा आतला भाग घ्यायचा, काचेवर पसरायचा, जेन्शियन व्हायोलेटने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या पेशी शोधायच्या. सापडल्या तर रस्ता खुला. नाही सापडल्या तर बंद.

कागदावर यात खोट काढायला जागा नाही. प्रत्यक्षात ही कसोटी भरवशाची ठरली नाही. आतडं पूर्ण बंद असलेल्या कित्येक बाळांच्या शीत त्वचेच्या पेशी सापडत होत्या.

अशा वेळी आपण काय करतो? "टेस्ट सेन्सिटिव्ह नाही" असं एक वाक्य लिहून पुढे जातो. पण जरा थांबून विचार करा. आतडं आज बंद आहे. बंद भागाच्या खाली त्वचेच्या पेशी आहेत, लव आहे, पित्त आहे. हे तिथे पोचलं कसं? याला एकच वाट आहे. ज्या काळात बाळ पाणी गिळत होतं आणि यकृत पित्त पाझरत होतं, त्या काळात आतडं खुलं होतं. पित्त आणि गिळणं ही दोन्ही कामं सुरू होतात साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमाराला, लव तर आणखी नंतरची. टांडलरची भरीव नळी पुन्हा खुली होण्याची पायरी त्याआधीच संपलेली असते. म्हणजे हे आतडं खुलं न होता राहून गेलेलं आतडं नव्हे. ते व्यवस्थित घडलं होतं, चालू होतं, आणि नंतर कधीतरी तुटलं.

बिघडलेल्या कसोटीतच उत्तर पडून होतं. सेनगावच्या मुलीला मी हेच म्हटलं: गॅप पेपरच्या शेवटच्या परिच्छेदात छापलेला असतोच असं नाही; कधी कधी तो 'अपवाद' म्हणून बाजूला टाकलेल्या नमुन्यांत असतो.

केपटाऊनची कुत्री

हा धागा ज्याने पकडून ठेवला तो सर्जन जॅनी लाऊ, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचा. १९५२ साली त्याने अट्रेझियाच्या सलग ७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही बाळं लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातली होती. बंद भागाच्या खाली पित्त, लव आणि त्वचेच्या पेशी आहेत हे त्याने गांभीर्याने घेतलं. दुसरी एक खूणही त्याला महत्त्वाची वाटली. आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा एक पातळ पडदा असतो, मेझेंटरी. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्यातूनच जातात. अट्रेझियाच्या अनेक बाळांत बंद जागेसमोरच या पडद्यात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असते. लुगड्याचा काठ एका जागी जळून गेला तर कापडात जशी पाचर पडते, तशी. आतड्याचा तुकडा आणि त्याला रक्त नेणारा पडद्याचा भाग दोन्ही एकत्र नाहीसे झालेले. रक्त तुटल्याची खूण याहून स्पष्ट काय असणार?

पण खूण म्हणजे सिद्धता नव्हे. लाऊकडे आता परिकल्पना होती: गर्भात आतड्याच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो (पीळ पडून, किंवा आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून), तो भाग मरतो आणि मागे अट्रेझिया राहतो. यावर एक सरळ आक्षेप होता. मोठ्या माणसाच्या आतड्याचं रक्त तुटलं तर ते सडतं, पोटात पू होतो, माणूस मरतो. मग गर्भ कसा जगतो? त्याचं उत्तर असं की गर्भाच्या आतड्यात जंतू नसतात. जंतू नाहीत म्हणून सडणं नाही. मेलेला भाग हळूहळू शोषला जातो आणि दोन बंद टोकं उरतात. उत्तर पटण्यासारखं होतं, पण करून दाखवायला हवं होतं.

ते करून दाखवायचं काम लाऊने हाताखालच्या एका तरुण डॉक्टरला दिलं. त्याचं नाव क्रिस्तियान बर्नार्ड. हो, तोच, ज्याने ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं. आपल्याकडे केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये ती शस्त्रक्रिया केली, म्हणून बर्नार्ड हे नाव जुन्या पिढीतल्या मराठी वाचकांनाही माहीत असतं. पण १९५० च्या दशकात तो हृदयाकडे वळलेला नव्हता. तो गाभण कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करत होता.

प्रयोग सांगायला सोपा आहे. गाभण कुत्रीचं पोट उघडायचं, गर्भाशय उघडायचं, पिल्लाचं पोट उघडायचं. त्याच्या आतड्याच्या छोट्या भागाला जाणाऱ्या रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधायच्या. सगळं परत शिवून पिल्लू गर्भाशयात ठेवायचं आणि ते जन्मायची वाट बघायची. करायला मात्र महाकठीण. पिल्लं टिकेनात. नऊ महिने गेले आणि त्रेचाळिसाव्या प्रयत्नात ते साधलं, असं सांगितलं जातं. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी जन्मलेल्या त्या पिल्लाचं आतडं मध्येच बंद होतं. माणसाच्या बाळात दिसतो तसाच अट्रेझिया.

एक बाजूची गोष्ट. आज भारतात असा प्रयोग करायचा म्हटला तर १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीची परवानगी लागते, आणि इतक्या प्रयत्नांना ती मिळेल असं मला वाटत नाही. माझ्या मनात याबद्दल दोन मतं आहेत. त्या कुत्र्यांविषयी वाचताना मला बरं वाटलं नाही. आणि त्या प्रयोगाने वाचलेली बाळंही खरी आहेत. इतिहास वाचताना दोन्ही डोळ्यांसमोर असू द्या.

१९५५ साली लाऊ आणि बर्नार्ड यांचा लेख लॅन्सेटमध्ये आला. काही पानांचाच आहे, ग्रंथालयातून मिळवून वाचा. दावा किती आणि पुरावा किती याचा मेळ त्यात कसा ठेवलाय ते बघायला मिळेल.

बारा-पंधरा सेंटिमीटर

आता मुद्द्याचं. कारण कळल्याने काय बदललं? बाळ तर दोन्ही परिस्थितीत आतडं बंद असलेलंच होतं.

बदललं ते कात्री कुठे लावायची हे. टांडलरच्या हिशोबाने अडचण फक्त बंद जागेपुरती होती: नळीत एक बूच राहून गेलंय, त्याच्या दोन्ही बाजू जोडून वाट काढली की काम झालं. म्हणून सर्जन आतडं शक्य तितकं वाचवत, दोन टोकं तशीच एकमेकांना जोडत. लाऊ-बर्नार्डच्या हिशोबाने मात्र बंद जागेच्या जवळची टोकंही निरोगी नाहीत. रक्त तुटलेल्या भागाच्या काठावरच ती वाढलीत. वरचं टोक तर महिनोन्‌महिने अडलेल्या द्रवाने फुगून फुग्यासारखं झालेलं असतं. त्याच्या भिंती आकुंचन पावल्या तरी एकमेकींना भिडत नाहीत, त्यामुळे आतला द्रव पुढे ढकलला जात नाही. दोन टोकं कितीही सुबक शिवली तरी ते फुगलेलं टोक काम करत नाही. वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच: शिवण शाबूत असून बाळं का मरत होती.

मग लाऊने काय केलं? फुगलेला भाग, साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर किंवा थोडा जास्त, आणि खालच्या टोकाचा थोडा भाग कापून टाकला आणि मग निरोगी आतडं निरोगी आतड्याला जोडलं. नवजात बाळाचं आतडं कापून टाकायचं धाडस त्याआधी होत नव्हतं, कारण ते वाचवायचं अशीच शिकवण होती. याने चित्र पालटलं. जिथे दहातलं एखादं बाळ जगायचं, तिथे काही वर्षांतच दहातली सात-आठ जगू लागली.

नवीन यंत्र नाही, नवीन औषध नाही. 'कधी' या प्रश्नाचं उत्तर बदललं म्हणून कात्री दहा-पंधरा सेंटिमीटर सरकली.

शस्त्रक्रियेनंतरही एक अडचण उरते. जोडलेलं आतडं लगेच काम सुरू करत नाही. कधी आठवडा, कधी महिना जातो. काही बाळांत तर आतडं मुळातच फार थोडं उरतं. तोवर बाळाला जगवायचं कसं? याचं उत्तर फिलाडेल्फियातून आलं. स्टॅन्ली डुड्रिक आणि डग्लस विल्मोर यांनी आधी बीगल जातीची पिल्लं फक्त शिरेतून पोषण देऊन वाढवली. मग १९६७ मध्ये जवळजवळ सगळं लहान आतडं नसलेल्या एका नवजात मुलीवर तेच केलं. प्रथिनं, साखर, क्षार, जीवनसत्त्वं, सगळं हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून. ती मुलगी वाढली, वजन धरलं. पुढे ती गेली, पण तोंडाने काही न घेता बाळ वाढू शकतं हे तिच्यामुळे सिद्ध झालं. आज जगभर ज्या पद्धतीने अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना शिरेतून पोषण देतात, तिची सुरुवात अट्रेझियाच्याच बाळापासून झाली हे फार थोड्यांना माहीत असतं.

आतडं चालू झाल्यावर त्याला सगळ्यात सोसतं ते आईचं दूध. या बाबतीत आपल्या मुंबईचं नाव येतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. त्याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता राहिलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख स्वतः बालशल्यचिकित्सक होत्या. बहुतेकांना त्या मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू म्हणूनच आठवतात. परळचं वाडिया बालरुग्णालय तर १९२९ पासूनचं. भारतातल्या बालशल्यचिकित्सकांची संघटना १९६५ ची. म्हणजे केपटाऊनचा लेख आला त्यानंतर दहा वर्षांत आपल्याकडे या शाखेची स्वतंत्र ओळख उभी राहत होती. मुंबईत, पुण्यात. आमच्या गावापर्यंत यायला तिला किती वेळ लागला ते मावशीच्या गोष्टीत आलंच.

टांडलर खोटा ठरला का? नाही. हा भाग मुलाखतीत विचारला जाऊ शकतो म्हणून लक्षात ठेवा. ड्युओडेनमच्या अट्रेझियात आजही टांडलरची मांडणी मानली जाते. ही बाळं वेगळीही असतात: त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना डाउन सिंड्रोम असतो, हृदयाचे दोष असतात. म्हणजे घडणच सुरुवातीला चुकलेली. खालच्या आतड्याच्या अट्रेझियात सहसा बाकीचं बाळ धडधाकट असतं, कारण तो मागाहून झालेला अपघात. टांडलरने जे बघितलं ते ड्युओडेनमपुरतं बरोबरच होतं. चूक झाली ती ते सगळ्या आतड्याला लावण्यात. आणि लाऊ-बर्नार्डचं उत्तरही सगळ्याला लावू नये. काही कुटुंबांत एकाच बाळाला अनेक ठिकाणी अट्रेझिया आणि सोबत प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष आढळतो. २०१३ मध्ये त्यामागे टीटीसी७ए हे जनुक असल्याचं दिसून आलं. रक्तवाहिनीच्या अपघाताने हे समजावता येत नाही. माझ्यासारख्यांची नोकरी यावरच चालू आहे.

हिंगोलीचं गणित

थोडं कागदावरचं गणित करू. हा अंदाज आहे, अधिकृत आकडा नव्हे. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. जन्मदर हजारी सोळा-सतरा धरला तर वर्षाला एकोणीस-वीस हजार बाळं. लहान आतड्याचा जन्मजात अडथळा काही हजार जन्मांत एकदा दिसतो. चार हजारात एक धरा. म्हणजे दर वर्षी कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव, हिंगोली मिळून पाचएक बाळं. संख्या छोटी आहे. म्हणूनच एखाद्या आशाताईला सगळ्या नोकरीत असं एखादंच बाळ दिसेल, कदाचित एकही नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात तपासायच्या जन्मजात दोषांची यादी आहे: फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, मोतीबिंदू, हृदयदोष वगैरे. आतड्याचा अट्रेझिया त्या यादीत नाही. याला तर्क आहे. यादीतले बरेचसे दोष बघून किंवा साध्या तपासणीने कळतात आणि थोडे थांबू शकतात. अट्रेझिया बाहेरून दिसत नाही आणि थांबत नाही. सोनोग्राफीत आईच्या पोटात पाणी जास्त दिसलं, बाळाचं आतडं फुगलेलं दिसलं, तर संशय येतो. पण हे बहुधा उशिरा दिसतं, पाचव्या महिन्याच्या तपासणीत सगळं ठीक वाटलेलं असू शकतं.

त्यामुळे शेवटी खूण तीच उरते जी आजीला दिसली होती. हिरवी उलटी. नवजात बाळाने दूध ओकलं तर ते पांढरं असतं, फाटलेलं असतं. हिरवी म्हणजे पित्त, आणि पित्त वर येतंय म्हणजे वाट खाली अडलीय असं धरून चालायचं, जोवर तपासणीत तसं नाही हे कळत नाही तोवर. आतड्याला पीळ पडलेला असला तर तासांचा प्रश्न असतो. त्यावरची शस्त्रक्रिया बोस्टनच्या विल्यम लॅड याने १९३६ मध्ये नीट बसवून दिली, आजही तिला त्याचंच नाव आहे. पोटात नळी घालून आतला द्रव काढणं, शिरेतून पाणी देणं, बाळाला ऊब देणं आणि पाठवणं, इतकं तालुक्याच्या पातळीवर होऊ शकतं. एक साधा एक्स-रे पुष्कळ सांगतो: ड्युओडेनम बंद असेल तर हवेचे दोनच फुगे दिसतात, आतडं त्याच्या खाली बंद असेल तर हवा आणि द्रवाच्या अनेक पायऱ्या.

२०२१ साली लॅन्सेटमध्येच आणखी एक अभ्यास आला. ७४ देशांतली २६४ रुग्णालयं, पोटाच्या-आतड्याच्या जन्मजात दोषांची ३,८४९ बाळं. श्रीमंत देशांत शंभरातली साडेपाच-सहा बाळं दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत वीस, गरीब देशांत चाळीस. मरणाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत रुग्णालयात पोचतानाच रक्तात जंतुसंसर्ग असणं ही एक होती, आणि गरज असताना शिरेतून पोषण न मिळणं ही दुसरी. म्हणजे डुड्रिकच्या पिल्लांपासून निघालेली ती बाटली. शस्त्रक्रिया कशी करायची हे १९५५ पासून माहीत आहे. उरलंय ते सगळं शस्त्रक्रियेच्या आधीचं आणि नंतरचं.

नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं, हिंगोलीचं स्वतःचं २०२४ मध्ये सुरू झालं. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे. मावशीच्या वेळी यातलं नांदेड तेवढं होतं, आणि जीप भाड्याने होती.

मागच्या दिवाळीत मावशीकडे गेले होते. ती मेथी निवडत होती. मी तिला केपटाऊनची गोष्ट सांगितली, जमेल तशी. आईच्या पोटात असतानाच लेकराच्या आतड्याची नस कधी कधी बंद पडते, आणि ती कुणाच्या हातात नसते, हे सांगितलं. तिच्या लेकराला हेच झालं होतं असं मात्र मला सांगता येत नाही, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. कुत्र्यांचं ऐकून "अगं बाई" म्हणाली.

मग बऱ्याच वेळाने, जुडी संपल्यावर, तिने विचारलं, "त्यांच्या त्या देशात गिराण लागतं का गं?"

लागतं म्हटलं. सगळीकडेच लागतं.

"अन्‌ तिथल्या बाया भाजी चिरतात?"

"चिरतात की."

"हं," म्हणाली, आणि देठं गोळा करून शेळीला टाकायला बाहेर गेली.